गाडीचा स्टिरिओ अचानक मुका झाला : दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, १२ जुलै २०२५

मायला डोळे दाखवायला जळगावला नेलं होतं. येताना धरणगावच्या अलीकडे एका गिऱ्हाइकाची जळालेली पंपाची मोटार उचलायला शिवारात वळलो. वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी बाभळी, फांद्या टपावर खरडत होत्या. मोटार डिकीत टाकून परत डांबरीला लागलो. दोन-तीन किलोमीटरवर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि सेट गप झाला. गाणं ओळीच्या मधेच तुटलं. डिस्प्ले काळा, बटणांचे दिवेही नाहीत. बाजूला थांबून चावी बंद-चालू केली, तरी काही नाही.

माय मागून म्हणाली, "गाडी मुकी व्हई गयी का रे भाऊ?"

त्या पेनड्राइव्हमध्ये मावशीच्या आवाजातली कानबाईची (आमच्या खानदेशातली देवी) गाणी आहेत, २०२१च्या श्रावणात मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. मावशी आता नाही. मोबाइलच्या स्पीकरवरचं मायला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे गाडी हीच तिची ऐकायची जागा. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे कानबाईचा. यंदा तो ३ ऑगस्टला येतोय आणि आम्ही पारोळ्याजवळ मामांकडे तिच्या नैवेद्याच्या रोटांना जातो. तोवर हे चालू झालंच पाहिजे.

दुकानाच्या कामातून वेळ तुकड्या-तुकड्यांनीच मिळणार, म्हणून लिहून ठेवतोय. माझं काम शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं. वायर, जोड, भार यांची ओळख आहे. गाडीच्या ऑडिओत हात घालतोय तो पहिल्यांदाच.

गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक. सेट कंपनीचा नाही, २०१९ साली बाहेरून बसवून घेतलेला : एफएम, यूएसबी, ब्लूटूथ, चार स्पीकर.

रविवार, १३ जुलै

फ्यूजपासून सुरुवात. स्टिअरिंगच्या खाली फ्यूजची पेटी आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा. रेडिओसाठी १५ अँपिअरचा निळा फ्यूज. उपटून उजेडात धरला, आतली पट्टी अखंड. तरी डोळ्यावर विश्वास न ठेवता मीटरने बीप घेतली (वाट अखंड असली की मीटर वाजतो). फ्यूज चांगला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाइल चार्ज होतो, म्हणजे चावीच्या पहिल्या टप्प्यावरचा पुरवठाही जिवंत आहे. आतला दिवा, काचा, सगळं ठीक.

फ्यूजचे रंग ठरलेले असतात : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. परवाच एका ट्रॅक्टरवर १० च्या जागी ३० चा पाहिला आणि दुसऱ्या ठिकाणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. असं कुणीच करू नये. फ्यूज हा वायरचा रखवालदार असतो. तो मोठा केला की जळायची पाळी वायरवर येते आणि ती डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकला लागून जळते.

दुपारी गावातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात गाडी दाखवली. पोराने सेट अर्धा बाहेर ओढला, टेस्ट लॅम्पची क्लिप दाराच्या बिजागरीला लावली आणि टोक पिवळ्या वायरला. दिवा पेटला. मग लाल वायरला लावलं, चावी फिरवली, पेटला. "काका, करंट येतोय. सेटच गेलाय. साडेचार हजारात नवा बसवून देतो." सेट चांगला असता तर पुरवठा मिळूनही गप बसला नसता, हे त्याचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. मी थांबतो म्हटलं.

मंगळवार, १५ जुलै

मंगळवार, अमळनेरच्या मंगळग्रह मंदिराकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ. दुकानात मोटारींची रांग. पावसाने उघडीप दिली की पंप चालतात, पंप चालले की जळतात. सेटला हात लागला नाही.

बुधवार, १६ जुलै

रात्री नऊनंतर सेट पूर्ण बाहेर काढला. आधी बोनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टोक १० नंबरच्या पान्याने सोडवलं. कंपनीचा सेट असेल तर बॅटरी काढण्यापूर्वी त्याचा कोड पुस्तिकेत आहे का ते बघावं. काही सेट वीज तुटली की कोड मागतात आणि तो नसला तर तिथेच अडकतात. माझ्या सेटला कोड नाही.

भोवतीची प्लास्टिकची चौकट जुन्या एटीएम कार्डाने उचकली. स्क्रू ड्रायव्हरने उचकली की ओरखडे पडतात. दोन्ही बाजूंच्या फटीत सेटबरोबर आलेल्या पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या आणि सेट बाहेर आला. मागचं दृश्य वाईट होतं. २०१९ला बसवणाऱ्याने गाडीचा मूळ प्लग कापून टाकलाय. वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलीय. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ डिग्री असतं, बंद गाडीच्या आत त्याहून किती तरी जास्त. टेपचा गोंद पातळ होऊन वायरीवर पसरलाय आणि टेप गुंडाळी सोडून सरकलीय. तीन जोड उघडे पडलेत. ते एकमेकांना शिवले नाहीत हे नशीब.

बाहेरून मिळणाऱ्या बहुतेक सेटच्या वायरींचे रंग सारखेच असतात. पिवळी बॅटरीकडून कायमची, तिच्यावर घड्याळ आणि आठवण टिकते. लाल चावीबरोबर येणारी, तिने सेट जागा होतो. काळी अर्थिंगची, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून (बॉडीतून) बॅटरीकडे परत नेणारी. निळी ॲन्टेनासाठी. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी अशा चार जोड्या चार स्पीकरच्या, प्रत्येक जोडीत काळ्या रेघेची वायर ऋण. स्पीकरची ही ऋण वायर बॉडीला लावायची नसते. आतला ॲम्प्लिफायर दोन्ही टोकांना चालवतो, एक टोक बॉडीला टेकलं की सेट संरक्षणात जातो (स्वतःहून बंद होतो) किंवा कायमचा जातो. शोधाशोध करताना हे विसरून चालणार नाही.

शुक्रवार, १८ जुलै

आज सेटचा निकाल लावला, टेबलावर.

इन्व्हर्टरवाल्याकडून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी आणली. सेटच्या पिवळी आणि लाल एकत्र करून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून धनाला, काळी ऋणाला. पांढऱ्या जोडीवर जुन्या टेपचा ४ ओहमचा स्पीकर. बटण दाबलं आणि डिस्प्ले निळा पेटला. पेनड्राइव्ह लावला. मावशीचा आवाज दुकानात घुमला. मी वीस मिनिटं तसाच चालू ठेवला, आवाज वाढवून, वरून थोपटून, वायरी हलवून. एकदाही अडखळला नाही.

म्हणजे सेट ठणठणीत आहे. साडेचार हजार वाचले. त्याहून मला बरं वाटलं ते याचं, की आता शोधायची जागा अर्ध्यावर आली : दोष गाडीकडच्या वायरीत आहे. ज्याचा सेट गेला म्हणून सांगितलं जातं त्याने आधी एवढं करावं. एक १२ व्होल्टची बॅटरी, एक फ्यूज, एक स्पीकर, अर्धा तास.

सेटवर ४ गुणिले ५० वॅट असं छापलंय आणि मागचा फ्यूज १० अँपिअरचा. १२ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. २०० वॅट यातून सतत निघणं शक्य नाही, तो आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा. वायर किती जाडीची लागेल ते ठरवायला फ्यूजचा आकडा धरायचा.

रविवार, २० जुलै

सकाळपासून गाडीतच. हा दिवस नीट लिहून ठेवतो.

बॅटरी जोडली. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) ठीक. इंजिन बंद करून, चावी पहिल्या टप्प्यावर. मीटरचं काळं टोक दाराच्या बिजागरीच्या बोल्टला, लाल टोक गाडीच्या पिवळ्या वायरीला : १२.४. लाल वायरीला : १२.३. दोन्ही आहेत. मग काळ्या वायरीची तपासणी. मीटर बीपवर ठेवलं, एक टोक काळ्या वायरीला, दुसरं बॉडीला. मी पायाकडच्या जागेत आडवा, मीटर सीटवर. बीप खणखणीत आली. तिन्ही वायरी बरोबर. सेट जोडला. मेलेला.

तासभर इग्निशन स्विचवर संशय घेतला, चावी हलवून-हलवून बघितली. शेजारचे काका डोकावले, म्हणाले उंदीर बघ, माझ्या गाडीची वायर गेल्या वर्षी उंदरांनी खाल्ली. सीटखाली, गालिच्याखाली, डिकीत बघितलं. उंदराची एक लेंडी नाही. पण डाव्या बाजूचा गालिचा हाताला दमट लागला. त्या वेळी पाऊस आत आला असेल एवढंच मनात आलं.

मग चहा घेताना विचार केला. शेतात रोज काय बघतो मी? शेतकरी सांगतो, स्टार्टरवर व्होल्टेज पूर्ण आहे, मोटार उचलत नाही. मोटार बंद असताना मोजलं तर ४०० च्या वर दिसतं. मोटार चालू करून मोजलं की एका फेजवर धाडकन खाली. खांबापासून येणाऱ्या केबलचा जोड कुजलेला असतो. मीटरला चालायला करंट लागतच नाही, म्हणून कुजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. मोटारीला करंट लागतो, आणि तो त्या जोडात अडतो. शेतकऱ्याला मी हे दर हंगामात समजावतो. गाडीत मात्र सकाळपासून भार न टाकताच मोजत होतो. त्या दुकानातल्या पोराचा टेस्ट लॅम्प हा खरं तर भारच, पण त्याची क्लिप बिजागरीला होती. सेटची काळी वायर त्याच्या तपासणीत आलीच नाही, आणि माझ्या पहिल्या दोन मोजण्यांतही नाही.

ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी कथिलाचा डाग मारून लावल्या. १२ व्होल्टवर हा पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे साधारण आवाजात चालणाऱ्या सेटइतका.

पिवळी ते बॉडी : बल्ब लख्ख. लाल ते बॉडी : लख्ख. पिवळी ते काळी, म्हणजे ज्या दोन वायरींवर सेट खरोखर जगतो त्या दोन : बल्बची तार लालसुद्धा झाली नाही. बल्ब तसाच जोडलेला ठेवून मोजलं. बल्बवर ०.७ व्होल्ट. काळ्या वायरीपासून बॉडीपर्यंत ११.६ व्होल्ट. दोन्ही मिळून १२.३. सगळा दाब काळ्या वायरीच्या अर्थिंगमध्येच खर्ची पडत होता. चांगल्या अर्थिंगवर इथे ०.१ च्या आत यायला हवं.

मग बीप का आली? मीटर परत बीपवर घेऊन या वेळी पडद्याकडे बघितलं : १६ ओहम. असले मीटर साधारण ३०-५० ओहमच्या आत असलं की बीप देतात. १२ व्होल्टच्या सेटच्या वाटेत १६ ओहम म्हणजे बांध घातलेला पाट. मी कानावर विसंबलो, मान वर करून आकडा बघितला नाही.

अजून एक कोडं शिल्लक होतं. हे अर्थिंग काही १२ जुलैला एका खड्ड्यात कुजलं नसणार. मग सेट परवापर्यंत चालत कसा होता?

सेट हातात धरून, त्याचा प्लग जोडून, ॲन्टेनाची पिन मागच्या भोकात खुपसली. काही नाही. पिन बाहेर काढताना तिचा बाहेरचा धातूचा भाग सेटच्या पत्र्याला आणि त्याच वेळी कंसाच्या बॉडीत गेलेल्या स्क्रूला, असा एकदम शिवला आणि डिस्प्ले क्षणभर चमकून गेला. मी तिथेच थांबलो. मग मुद्दाम केलं : एक वायर सेटच्या पत्र्याला, दुसरं टोक दाराच्या बोल्टला. सेट पेटला. गाणं सुरू झालं.

ॲन्टेनाच्या केबलला बाहेरून जाळीचं आवरण असतं. ते एका टोकाला सेटच्या पत्र्याला आणि दुसऱ्या टोकाला टपाच्या पत्र्याला जोडलेलं असतं. काळ्या वायरीचं अर्थिंग कधीचंच कुजलेलं, त्यामुळे सेट आपला सगळा करंट त्या जाळीतून, टपामार्गे परत पाठवत होता. ती वाट त्या कामासाठी नाही, तरी चालून गेली. १२ तारखेला बाभळीच्या फांद्यांनी ॲन्टेनाचा बुंधा फिरवला असणार, खड्ड्यात तो सुटला, आणि सेटची उरलेली एकुलती वाट तुटली.

आता मागचं सगळं जुळतं. गेले सात-आठ महिने ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, इंजिनाबरोबर चढणारी-उतरणारी. अल्टरनेटरचा आवाज ॲन्टेनाच्या वाटेने शिरत होता. आवाज २० च्या वर नेला की सेट स्वतःच बंद होऊन परत चालू व्हायचा, म्हणून मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की १५ च्या वर न्यायचा नाही. खड्ड्यात आपटली की सेटवरचं घड्याळ १२ वर यायचं, त्याला मी बॅटरी जुनी झाली म्हणत होतो. गाडी आठ महिने सांगत होती आणि मी प्रत्येक तक्रारीला वेगळं कारण देत बसलो.

सोमवार, २१ जुलै

काळी वायर कुठे जाते ते शोधलं. ग्लोव्ह बॉक्स काढला. मागे पत्र्याच्या एका कंसावर लाकडात मारायचा स्क्रू मारून ती लावलीय. खाली रंग तसाच, खरवडलेला नाही. स्क्रूभोवती पत्रा फुगून पापुद्रे सुटलेत. बोटाने वायर धरली तर रिंगजवळच्या तांब्याच्या तारा हिरव्या भुकटीसकट हातात आल्या. दोन की तीन तारा तेवढ्या शाबूत.

आणि त्याच कंसावरून पाण्याचा पांढरट ओघळ खाली गालिच्यापर्यंत गेलाय.

गुरुवार, २४ जुलै

पाणी कुठून येतं हे आधी, वायर नंतर. नाहीतर नवी वायरही दोन पावसाळ्यांत जाईल.

गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी असते. उन्हाळ्यात त्या सावलीइतकं मोलाचं काही नाही, झाड तोडायचा प्रश्नच नाही. वायपरखालची काळी जाळी उचलली. आतल्या पन्हळीत निंबाच्या काड्या, पानं, वाळलेल्या लिंबोळ्या आणि धूळ यांचा वीतभर लगदा. दोन्ही टोकांची पाणी जायची भोकं बुजलेली. पाऊस आला की ही पन्हळ भरते, आणि डावीकडे ब्लोअरची हवा घ्यायची खिडकी आहे तिथून पाणी केबिनमध्ये उतरतं. त्याच्या बरोबर खाली तो कंस.

हाताने लगदा काढला, अर्धी बादली भरला. भोकांतून जाड तार घातली, मग पाणी ओतलं. पहिल्यांदा थेंब-थेंब, मग चाकाच्या मागून धो-धो खाली आलं. पुढच्या भावांनो, निंबाखाली, चिंचेखाली गाडी लावत असाल तर मृगाच्या आधी एकदा ही जाळी उचला.

अमावस्या आज. उद्यापासून श्रावण.

रविवार, २७ जुलै

दुरुस्ती.

डाव्या बाजूच्या पायाकडच्या प्लास्टिकच्या पट्टीमागे कंपनीचा स्वतःचा अर्थिंगचा बोल्ट आहे, त्यावर आधीच चार-पाच काळ्या-तपकिरी वायरी येतात. तोच घेतला. बोल्ट काढून खालचा पत्रा सँड पेपरने चकाकेपर्यंत घासला. दीड चौरस मिलिमीटरची काळी वायर, टोकाला तांब्याची लग (बोल्टात बसणारी कडी), लग पक्कडीने न चेपता क्रिम्पिंगच्या हत्याराने चेपली आणि ओढून बघितली. दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, वरून व्हॅसलिनचा हात. पत्रा आणि दमट हवा यांच्यामध्ये तेवढा पडदा पुरतो.

मग पिळलेले सगळे जोड तोडले. प्रत्येक जोड नव्याने डाग मारून, त्यावर हीट श्रिंक नळी चढवून गरम हवेने आवळली. काळ्या टेपचा एक वेढाही ठेवला नाही. जोड एकाच जागी आले तर गठ्ठा होतो आणि सेट मागे बसत नाही, म्हणून दोन-दोन इंच मागे-पुढे ठेवले. पुतण्याने टॉर्च धरला आणि रंग वाचून दाखवले. दोन तास अंगठ्याचं टोक भाजत होतं, पण काम बघून समाधान झालं.

चाचणी, क्रमाने :

आधी बल्ब. पिवळी ते नवी काळी, बल्ब लख्ख, त्यावर १२.१ व्होल्ट. काळी ते बॉडी ०.०२ व्होल्ट. मागच्या रविवारी इथेच ११.६ होते.

मग सेट जोडला, ॲन्टेनाची पिन न लावता. या दुरुस्तीची खरी परीक्षा हीच. ॲन्टेना लावून सेट चालला तर तो कुठल्या वाटेने चालतोय हे कळत नाही. पिन बाहेर लोंबत होती आणि सेट चालला. आवाज २०, २५, ३०. बंद पडला नाही. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दिला. शिट्टी नाही. पुतण्या म्हणाला, "काका, आवाज केवढा स्वच्छ आलाय." खरंच. आठ महिन्यांच्या शिट्टीची कानाला सवय झाली होती, ती गेल्यावर कळलं.

चारही स्पीकर एकेक करून ऐकले. मीटरने मोजले तर ३.३ ते ३.६ ओहम, ४ ओहमच्या स्पीकरला एवढंच यायला हवं. मागचा डावा थोडा खरखरतो, त्याचा कागद कडेला फाटलाय. तो पुढे कधी.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. खणणं-कापणं आज करायचं नाही असं माय म्हणते, स्क्रूही तिच्या हिशेबात येतो. काम बंद.

शुक्रवार, १ ऑगस्ट

ॲन्टेना. पुढचा आतला दिवा काढला की टपाच्या अस्तरातून बोटं आत जातात. बुंध्याचा नट नुसता बोटाने फिरत होता. बाहेरून बुंधा पावभर वळलेला, रबराची गादी उन्हाने कडक होऊन चिरलीय. नटाखालचा दातेरी वॉशर पत्र्यात रुतून बसायला हवा, तिथे गंजाचं कडं. खरवडलं, नवा वॉशर, सायकलच्या ट्यूबची गादी कापून घातली, नट आवळला. केबलची जाळी ते बॉडी आता ०.२ ओहम, टोकं एकमेकांना लावली तरी मीटर तेवढेच दाखवतो, म्हणजे शून्यच.

आकाशवाणी जळगाव लावलं, अंगणात उभ्या गाडीत खरखरीशिवाय. चौकट, ग्लोव्ह बॉक्स, सगळं जागेवर बसवलं.

रविवार, ३ ऑगस्ट

पारोळ्याकडे निघालो. मायने नवीन लुगडं नेसलं होतं, मांडीवर रोटाच्या दळणाची पिशवी. बोरी नदीचा पूल ओलांडला आणि सेट लावला. मी सवयीने १५ वर थांबलो. माय म्हणाली, "अजून मोठा कर ना रे." २४ वर नेला. मावशीचं कानबाईचं गाणं सुरू झालं आणि माय दुसऱ्या ओळीपासून तिच्याबरोबर म्हणू लागली, हलक्या आवाजात, काही ठिकाणी मावशीच्या पुढे जात. मागे बसलेली लेक आजीकडे बघत राहिली. मामांच्या दारापर्यंत एकदाही तुटलं नाही. गाडी थांबली तरी मायने चावी काढू दिली नाही, ते गाणं संपेपर्यंत.

रविवार, १० ऑगस्ट

तीन दिवस रिपरिप झाल्यावर मुद्दाम तपासणी. डाव्या बाजूच्या गालिच्याखाली हात घातला, कोरडा. गालिचा उचलून खाली वर्तमानपत्राचा कागद पसरला होता, तोही कोरडा. जाळीखाली पुन्हा मूठभर पानं जमलीत, काढली. सेट २४ च्या आवाजावर चालू ठेवून काळी ते बॉडी : ०.०३ व्होल्ट.

बल्ब आणि त्याच्या दोन वायरी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवल्यात.